खरीदवाले काका

त्या दिवशी सकाळी जागेचा बयाना द्यायचा होता. सासूबाईंनी बँकेतून पैसे काढून आणले होते. यजमानांनी रजा घेतली होती. काका आले, छत्री दाराला टेकवली आणि म्हणाले, "पैसे देण्याआधी एकदा जागेवर जाऊन येऊ." आम्ही गेलो. त्या दिवशी बयाना दिला नाही. नंतरही दिला नाही.

काका गेल्याला आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांच्याविषयी लिहायचं असं मी अनेकदा ठरवलं आणि दरवेळी सुरुवातीलाच थांबले, कारण त्यांचा धंदा काय होता हे सांगायला शब्द सापडत नसे. दलाल म्हटलेलं त्यांना खपत नसे. "दलाल दोन्हीकडून घेतो," ते म्हणत. "मी एकीकडूनच घेतो. विकणाऱ्याचं भलं बघायला विकणारा आहे, दलाल आहे, विकणाऱ्याचा साला आहे. घेणाऱ्याचं कोण आहे?" घर किंवा जमीन घेणाऱ्याच्या बाजूनं फिरायचं, बघायचं, भांडायचं, आणि मोबदला फक्त त्याच्याकडूनच घ्यायचा, असा दुसरा माणूस त्या काळी उज्जैनमध्ये मी पाहिला नाही. लोक त्यांना खरीदवाले काका म्हणत आणि ते या नावाला ओ देत.

त्याआधी एका कापड गिरणीसाठी त्यांनी आयुष्यभर कापूस खरेदी केला होता. गाठीत कोपरापर्यंत हात घालून आतला पुंजका बाहेर काढायचा, तो उजेडात धरून ओढायचा, हे त्यांचं काम. गिरणी बंद पडली. पण हात आत घालायची सवय सुटली नाही. "वरचा कापूस सगळ्यांचाच पांढरा असतो, सूनबाई," ते मला सांगत, आणि छत्रीचं टोक कोणाच्या तरी नव्या भिंतीत खुपसून बघत. छत्री बारा महिने बरोबर असे. पावसात मात्र मी त्यांना ती उघडताना क्वचितच पाहिलं. उघडझाप करून तिच्या काड्या ढिल्या होतील म्हणून ते सरळ भिजत येत.

माझी त्यांची ओळख वाचनालयातली. माधव नगरमधल्या एका लहानशा वाचनालयात मी ग्रंथपाल होते. ते रोज येत आणि वर्तमानपत्रांतल्या फक्त आम सूचना वाचत. अमुक मोहल्ल्यातलं तमुक घर माझा पक्षकार विकत घेतो आहे, कोणाची हरकत असल्यास कळवावं, अशा वकिलांच्या त्या सूचना. बातम्या, अग्रलेख, सिनेमाच्या जाहिराती, कशालाच ते शिवत नसत. सूचना मात्र ते मोठ्यानं वाचत, आणि मधूनच "वा, वा! तिघे भाऊ, आणि सही एकाचीच!" असा शेरा देत. मी बोट ओठांवर ठेवलं की ते माफी मागत आणि पुढची सूचना तितक्याच मोठ्यानं वाचत. शेवटी मी त्यांना व्हरांड्यात खुर्ची दिली. तिथे त्यांना श्रोतेही मिळाले.

ती वर्षं घाईची होती. घरोघरी केबल येत होती, लोक शेअरविषयी बोलायला लागले होते, घरासाठी कर्ज मिळणं सोपं झालं होतं. शहराबाहेर काल गहू होता तिथे आज चुन्याच्या रेघा पडलेल्या दिसत आणि रेघांच्या मधोमध कॉलनीच्या नावाची पाटी. पुण्याकडून, नागपूरकडून बदलीवर आलेल्या आमच्यासारख्या कुटुंबांना ही घाई जास्त. परत जायचं नाही हे हळूहळू ठरत होतं आणि भाड्याच्या घरात ते ठरवता येत नव्हतं.

काका स्वतः देवास गेटपाशी एका दुकानावरच्या खोलीत भाड्यानं राहत. इतक्या लोकांना घरं घेऊन दिली, स्वतःचं का नाही, असं मी एकदा विचारलं. ते पोह्यांवर शेव घालत होते. "ज्याला घर हवं असतं ना, त्याला त्या घराचं वाईट काही दिसत नाही," ते म्हणाले. "मला हवंच नाही, म्हणून सगळं दिसतं. डोळ्यांचा हिसाब आहे."

त्यांची काम करायची पद्धत ठरलेली होती. घर बघायला गेले की ते घराकडे शेवटी बघत. आधी आजूबाजूच्या दारांवर जाऊन पाणी मागत. उन्हाळा असो की थंडी, "माई, पानी मिलेगा?" म्हणून उभे. "नुसतं विचारलं तर कोण सांगतो?" हे त्यांचं स्पष्टीकरण. "पाणी मागितलं की माणूस बसवतो. बसवलं की बोलतो. नळाला पाणी येतं की नाही, हे तर ग्लासातच समजतं." विकणाऱ्याच्या घरचा चहा ते घेत नसत. "मला चहा चालत नाही," असं गंभीरपणे सांगत, आणि बाहेर पडल्याबरोबर कोपऱ्यावर दोन कप पीत.

फी ते आधी घेत. सौदा झाला तरी तेवढीच, मोडला तरी तेवढीच. लोकांना हे फार चमत्कारिक वाटे. आमच्या शेजाऱ्यांनी तर त्यांना तोंडावर विचारलं, "काका, घर मिळालं नाही तर पैसे कसले हो? नकार विकत घ्यायचा का?"

"हो," काका म्हणाले. "तोच माल माझ्याकडे पक्का मिळतो. सौदा झाल्यावरच पैसे मिळणार असतील, तर मी तुम्हाला कशाला सांगेन की करू नका?"

शेजारी हसले आणि फुकट सल्ला देणाऱ्या दलालाकडे गेले.

आमच्या घरी त्यांना मीच आणलं. पैसा सासूबाईंचा होता. सासऱ्यांच्या निवृत्तीची रक्कम आणि वाईकडच्या जमिनीतला त्यांचा विकलेला वाटा, असं सगळं मिळून. असा पैसा आमच्या घरात पुन्हा येणार नव्हता, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं आणि कोणी ते बोलत नव्हतं. पहिल्याच दिवशी काका सासूबाईंना म्हणाले, "वहिनी, घेणाऱ्या तुम्ही. मी तुमचं ऐकणार. बँकवाल्यांचं नाही." यजमान बँकेत होते. त्यांना हे आवडलं नाही.

काका त्या दिवशी बराच वेळ बसले, दोनदा चहा घेतला. घेणाऱ्याकडचा चहा त्यांना चालत असे. सासूबाईंनी त्यांना उज्जैनमध्ये आल्यापासूनची आपली हकीकत सांगितली: बदली, सामानाच्या ट्रकमध्ये फुटलेल्या बरण्या, लगेचच आलेला सिंहस्थ, त्या गर्दीत तुटलेली चप्पल. चपलेची गोष्ट त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. नदीपलीकडे साधूंच्या डेऱ्यांमध्ये चपलेचा अंगठा तुटला, त्या एका विहिरीच्या कठड्यावर बसून राहिल्या, यजमान सेफ्टी पिन शोधत फिरले, आणि शेवटी एका साधूनं सुतळीनं चप्पल बांधून दिली. काका लक्ष देऊन ऐकत होते. मला वाटलं, शिष्टाचार म्हणून ऐकताहेत.

पुढे काही दिवसांतच जागेची गोष्ट निघाली. आमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी यजमानांच्याच बँकेत होते. मोठे उत्साही गृहस्थ, गणपतीत चंदा गोळा करण्यापासून आरतीत झांज वाजवण्यापर्यंत सगळं तेच करत. नदीपलीकडे एक कॉलनी होते आहे, मंडळाच्या लोकांनी एकत्र जागा घेतल्या तर भाव कमी पडेल, असा प्रस्ताव त्यांनी आणला. एका सभेत सगळ्यांनी होकार दिला. यजमानांनीही.

"विचार करा काकू," सेक्रेटरी आमच्या घरी येऊन सासूबाईंना म्हणाले, "सगळा आपला समाज एका जागी. संक्रांतीला हळदीकुंकवाला रिक्शा करायला नको. गणपती एकच, आपल्याच गल्लीत."

सासूबाईंच्या चेहऱ्यावर ती गल्ली दिसायला लागली होती. मी विचारलं, "जमिनीचे कागद बघायला मिळतील का?"

सेक्रेटरी मोकळेपणी हसले. "घ्या! आता आपल्याच माणसाकडे कागद मागायचे का? मी स्वतः दोन प्लॉट घेतोय!"

यजमानांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी आत चहा ठेवायला गेले. आमच्या लोकांत हीच चूक होई. हिंदी भाषक व्यापाऱ्याकडून साडी घेतानाही पदर उलटून बघणारी माणसं, समोरचा मराठी निघाला की एकदम भिडस्त होत. कागद मागणं म्हणजे त्याच्या आईवडिलांविषयी शंका घेणं. परगावात आपली मोजकीच घरं, त्यांतही संशय धरायचा तर राहायचं कोणाच्या भरवशावर, असं काहीतरी त्यामागे असावं.

म्हणून मी बयान्याच्या आदल्या आठवड्यात काकांना निरोप दिला, आणि म्हणून ते त्या सकाळी आमच्या दाराशी उभे होते.

यजमानांनी जागा एकदा पाहिली होती, पण कॉलनीवाल्याच्या जीपमधून आणि सेक्रेटरींच्या बडबडीत. काकांनी टेम्पो केला. पूल ओलांडून आम्ही उतरलो तेव्हा गहू निघून गेला होता आणि उघड्या जमिनीवर चुन्याच्या रेघा होत्या. एका तंबूत कॉलनीचा नकाशा लावलेला, त्यात बाग, शाळा, मंदिर सगळं रंगवलेलं. तंबूतल्या माणसानं खुर्च्या पुढे केल्या, थंड बाटल्या आणायला सांगितलं.

"नको," काका म्हणाले. "वहिनींना विहिरीचंच पाणी लागतं."

सासूबाईंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. काकांच्या पाठीमागे आम्ही दोन शेतं ओलांडून एका विहिरीपाशी गेलो. जुनी, दगडी, चार खांबांची विहीर. शेताच्या मालकिणीनं बादली सोडली. ऊन वाढलं होतं. सासूबाई कठड्यावर टेकल्या, पदरानं मान पुसली आणि पाणी येईपर्यंत उगाच खाली बघत राहिल्या. मग त्यांनी खांबाला हात लावला. आजूबाजूला पाहिलं. पुन्हा पायांकडे पाहिलं.

"अगं," त्या मला म्हणाल्या, "माझी चप्पल इथं तुटली."

बादली वर आली. शेतमालकीण म्हणाली, "हाँ माँजी, मेले में यहीं तो बाबाओं के डेरे लगते हैं. सरकार खेत ले लेती है, फिर लौटा देती है."

सिंहस्थात आम्ही याच जमिनीवरून चाललो होतो. मेळ्यात गर्दीनं आम्हाला दुसऱ्याच बाजूनं, होड्यांच्या पुलावरून ढकलत आणलं होतं. तेव्हा इथे मंडप होते, ध्वज होते, लाउडस्पीकर होते. त्यामुळे या उघड्या शेताशी आम्ही ते जोडलंच नव्हतं. दर सिंहस्थाला जी जमीन साधूंच्या मुक्कामासाठी लागते, तिच्यावर पक्कं घर बांधता येत नाही, हे जुन्या उज्जैनकरांना माहीत असतं. आम्ही नवे होतो. आमच्या सभेत होकार देणारे बहुतेक सगळेच नवे होते.

यजमान प्रथम चिडले ते काकांवर. "मेळा बारा वर्षांनी असतो. तोवर नियम बदलतील. आणि सगळे घेताहेत! सगळेच मूर्ख आहेत का?"

"मूर्ख कोणी नाही, साहेब," काका म्हणाले. ते पाणी पीत होते. "सगळे एकमेकांकडे बघून घेताहेत. जमिनीकडे बघायला कोणी आलंच नाही."

"तुमचं काय जातं बोलायला! मला रोज त्यांच्यात बसायचंय. सेक्रेटरींना काय सांगू? विश्वास नाही म्हणून सांगू?"

"माझं नाव सांगा."

"म्हणजे?"

"म्हणजे सांगा, त्या म्हाताऱ्यानं आईच्या मनात भरवलं, आता आई ऐकत नाही. मला शिव्या द्या त्यांच्याबरोबर. दोन मी सुचवतो. फी कशाची घेतली मी? नुसतं पाणी प्यायची?"

सासूबाईंनी यजमानांकडे पाहिलं नाही. त्या कठड्यावरून उठल्या आणि म्हणाल्या, "पैसे परत बँकेत टाकून ये."

नंतर मी काकांना विचारलं, की त्यांना आधीच ठाऊक होतं तर घरीच का नाही सांगितलं. तहसिलीतही ते जाऊन आले होते. ते म्हणाले, "सांगितलं असतं तर साहेबांनी चार माणसं आणली असती मला खोटं पाडायला. चार काय, चाळीस मिळाली असती. वहिनींच्या चपलेला कोण खोटं पाडणार?"

त्या वर्षीच्या गणपतीत आमच्याशी लोक बेतानंच बोलत होते. काकांशी कोणी बोलतच नव्हतं. मंडळात त्यांचं नवं नाव पडलं होतं, सौदातोडू काका. ते आरतीला आले, शेवटच्या रांगेत उभे राहिले, मोठ्यानं आरती म्हटली, प्रसाद घेतला आणि सेक्रेटरींना जाऊन सांगितलं, "मोदकात नारळ कमी आहे. वाढवा." मी त्यांना विचारलं, वाईट वाटलं का. ते म्हणाले, "वाईट वाटायला मी काय विकायला बसलोय?" पण त्या वर्षी त्यांच्याकडे मराठी घरांतलं एकही काम आलं नाही. देवास गेटच्या खोलीवर मी गेले की ते मला दुपारच्या वेळीही घरीच सापडत. तक्रार त्यांनी केली नाही. सूचना मात्र पूर्वीसारख्याच मोठ्यानं वाचत.

आमचं घर त्यांनी पुढच्या वर्षी शोधलं, नानाखेड्याच्या बाजूला. दोन खोल्या, मागे मोकळी जागा. मालक दुसऱ्या गावी मुलाकडे जाणार होता. काका तीन शेजाऱ्यांकडे पाणी प्यायले, नळाच्या वेळी एकदा आणि रविवारी एकदा येऊन गेले, आणि मग आम्हाला नेलं. वाटेत बजावलं, "आत काही आवडलं तर तोंड पाडायचं. समजलं?"

मी पुढच्या खोलीत गेले. पूर्वेची खिडकी होती आणि सगळी खोली सकाळच्या उन्हानं भरली होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "किती छान उजेड येतो हो!"

मालकाचा चेहरा खुलला. काका जोरात खोकले. "हेच," ते मालकाला म्हणाले. "सूनबाईंना उजेडाचा त्रास आहे. डोकं धरतं. डॉक्टरांनी सांगितलंय, अंधारात राहा." मग माझ्याकडे वळून, "बसा सूनबाई, बसा. चक्कर तर येत नाही ना?"

मी कपाळावर हात ठेवून बसले. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मालकाला वाटलं, त्या सुनेच्या काळजीनं रडताहेत. त्यानं खिडकीला जाड पडदा स्वतःच्या खर्चानं लावून देतो म्हणून सांगितलं आणि वर भावही थोडा उतरवला. बाहेर आल्यावर काका मला म्हणाले, "पडदा घेऊ नका. इमानदारीचा प्रश्न आहे."

रजिस्ट्रीच्या दिवशी कचेरीत साक्षीदार कमी पडला. यजमान, ज्यांचं मन एव्हाना काकांविषयी पुरतं बदललं होतं, म्हणाले, "काका, तुम्हीच करा सही. तुमच्याशिवाय कोण?" काकांनी छत्री हातात घेतली आणि दोन पावलं मागे सरकले. "साक्षीदार दोन्ही बाजूंचा असतो," ते म्हणाले. "मी नाही." आणि बाहेरच्या टपरीवरून एका अनोळखी माणसाला पकडून घेऊन आले.

पुढचा सिंहस्थ आला तेव्हा नदीपलीकडच्या कॉलनीत काही जणांनी भिंती घातल्या होत्या, दोघांनी खोल्या बांधल्या होत्या. नोटिसा आल्या, मग बांधकामं पाडायला यंत्रं आली, आणि मेळ्याच्या वेळी तिथे पुन्हा डेरे लागले. कॉलनीवाला केव्हाच शहर सोडून गेला होता. सेक्रेटरींचे दोन्ही प्लॉट गेले. मंडळात आता लोक त्यांच्याशी बोलेनासे झाले. एका संध्याकाळी ते वाचनालयाच्या व्हरांड्यात येऊन उभे राहिले. काका सूचना वाचत होते.

"काका," ते म्हणाले, "मी कोणाला फसवलं नाही हो."

"मालूम आहे मला. तुम्हाला त्या कॉलनीवाल्यानं पुढे उभं केलं होतं. बसा."

"काही परत मिळेल का?"

"सगळं नाही मिळणार. पण मागायला तर लागेल ना. उद्या सगळ्यांना घेऊन या." आणि मग, चष्मा पुसत, "फी आधी घेतो मी."

सेक्रेटरी हसले. कित्येक महिन्यांनी हसले असावेत. मी नंतर काकांना म्हटलं, त्यांच्याकडून तरी नसती घेतली. ते म्हणाले, "फुकट केलं तर त्यांना दया केल्यासारखं वाटेल. फी दिली की ते माझ्यावर ओरडू शकतात." त्या लोकांबरोबर त्यांनी कचेऱ्यांच्या पुष्कळ फेऱ्या मारल्या. छत्री टेकत, जिने चढत, उन्हातान्हात. काहींना थोडं मिळालं. बऱ्याच जणांना काहीच नाही. सेक्रेटरी अखेरपर्यंत त्यांच्याबरोबर फिरले आणि अखेरपर्यंत त्यांच्यावर ओरडत राहिले.

त्याच धावपळीत काका आजारी पडले आणि थोड्याच दिवसांत गेले. त्यांना खांदा द्यायला मंडळाची माणसं आली होती. देवास गेटची खोली मालकानं पुढच्या महिन्यात दुसऱ्याला दिली.

आमच्या रजिस्ट्रीवर विकणाऱ्याची सही आहे, सासूबाईंची आहे आणि दोन साक्षीदारांच्या आहेत. काकांची कुठेच नाही. सासूबाई या घरात राहिल्या आणि याच घरातून गेल्या. आता इथे आम्ही दोघं राहतो. घर आमचं आहे. त्यावर दुसऱ्या कोणाचा दावा नाही.